शिंदे, सिंदिया, सीन्धिया : ग्वाल्हेरचे कागद संगणकावर शोधताना

ग्वाल्हेरच्या इतिहासावर काही लिहायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कागद कुठं आहेत? पुण्यात पेशवे दप्तराचं नाव घेतलं की लोक एका इमारतीकडे बोट दाखवतात. आपल्याकडे तसं नाही, आणि त्याला कारण आहे. शिंद्यांचं राज्य कित्येक वर्षं घोड्यावर होतं. राणोजींचं ठाणं उज्जैनला. महादजींची उमेदीची वर्षं मथुरा-दिल्लीकडे गेली आणि 12 फेब्रुवारी 1794 ला त्यांनी देह ठेवला तो पुण्याजवळ वानवडीला. दौलतरावांची छावणी 1810 च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडली, ती मग उठलीच नाही, आणि छावणीचं गाव झालं. म्हणून गावाचं नावच लष्कर. राज्य आधी झालं, राजधानी मागाहून. कागदही जिथं जिथं मुक्काम पडला तिथं तिथं राहिले. काही पुण्यात, काही कोट्याला, काही दिल्लीत, काही थेट लंडनला.

पूर्वी ह्यातलं काही पाहायचं तर रजा काढून गाडी पकडावी लागे. आज बाड्यावरची सेंट्रल लायब्ररी असो की घरचा मोबाइल, बरंचसं समोर उघडतं. तरी मंडळातली मंडळी येऊन सांगतात, 'शोधलं, काही मिळालं नाही.' मी त्यांना एकच विचारतो, काय नाव टाकून शोधलंत?

आपण शोधखिडकीत 'शिंदे' टाकतो. इंग्रजांच्या दप्तरात शिंदे नाहीतच. तिथं सिंदिया आहेत, आणि तेही धड एका तऱ्हेनं नाहीत. कोणी एस-सीनं सुरू करतो, कोणी एस-आयनं, कोणी शेवटी जादा एच लावतो. दौलतरावांचा कुठं 'डौलट' होतो, कुठं 'डौलत'. बायजाबाईंची 'बायझा बाय'. खुद्द ग्वाल्हेर शब्दाचीही तीन-चार रूपं आहेत. महादजींचं तर विचारूच नका. कीन ह्या इंग्रज लेखकानं 1891 मध्ये त्यांचं चरित्र लिहिलं, त्याच्या मुखपृष्ठावर नाव आहे 'माधवराव सिंदिया'. ते पाहून एखादा नवखा 1886 ते 1925 ह्या काळातल्या माधवराव महाराजांचं चरित्र समजून पुस्तक बाजूला ठेवील. दुसरा पेशवे माधवराव समजून वाचायला घेईल. यंत्राला ह्यातलं काही कळत नाही. तुम्ही जी अक्षरं द्याल तीच ते शोधणार.

गंमत म्हणजे मराठी कागदांतही महादजी 'महादजी' म्हणून कमीच भेटतात. पत्रं लिहिणारे कारकून आणि वकील त्यांना 'पाटीलबावा' म्हणतात. दौलतरावांना 'अलिजाबहादर'. तेव्हा छापील मराठी साधनांत शोधताना हे शब्द पाठ असले पाहिजेत. माझ्या वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक माणसाची आणि गावाची अशी सगळी रूपं लिहिलेली आहेत आणि अजून भर पडतेच आहे. अठराव्या शतकातलं इंग्रजी छापील काही वाचत असाल तर आणखी एक ध्यानात ठेवा. त्या काळी इंग्रजीतला लांबडा 'एस' हुबेहूब 'एफ'सारखा छापत, आणि यंत्र तो 'एफ' म्हणूनच वाचतं. त्यामुळे वॉरन हेस्टिंग्ज हवे असतील तर एकदा 'हेफ्टिंग्ज' टाकून पाहायला हरकत नाही.

नावं जमली की मग खजिना उघडतो. मला विचाराल तर सुरुवात ब्रॉटनपासून करावी. थॉमस ड्यूअर ब्रॉटन हा दौलतरावांच्या दरबारी असलेल्या इंग्रज रेसिडेंटच्या संरक्षक तुकडीचा अधिकारी. 1809 चं सगळं वर्ष तो शिंद्यांच्या छावणीबरोबर राजपुतान्यात फिरला आणि तिथून त्यानं लिहिलेली पत्रं 1813 मध्ये लंडनला पुस्तकरूपानं निघाली. इंटरनेट आर्काइव्हवर हे पुस्तक अख्खं आणि फुकट आहे. माणूस खोचक आहे, मराठ्यांबद्दल चांगलं बोलायला त्याची जीभ जड होते, पण डोळा तिखट. छावणी कशी पडायची ते त्यानं नीट पाहून लिहिलंय. पुढं बिनीवाला जायचा, मुक्कामाच्या जागी महाराजांच्या डेऱ्यासाठी लहानसं पांढरं निशाण रोवायचा, मग बाजारांची निशाणं लागायची. त्यावरून प्रत्येकाला आपली जागा कळायची, कारण मुक्काम बदलला तरी मांडणी बदलत नसे. पुस्तकात शिंदे शोधायचे तर त्याच्या तऱ्हेनं 'सीन्धिया' लिहावं लागतं, हे सांगून ठेवतो.

आता हे वाचून झाल्यावर लष्करात एक चक्कर मारा. चिटणीसांची गोठ, खासगी बाजार, पाटणकर बाजार, फालका बाजार, शिंदे की छावनी, कंपू. रिक्षावाला 'चिटनिस की गोठ' म्हणतो आणि आपल्यालाही त्यात गाईम्हशींचा गोठाच ऐकू येतो. पण शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीवर मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश आहे, दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आहे. त्यांत 'गोट' पाहा. गोट म्हणजे लष्कराचा तळ, सरदाराचं आपल्या पथकासह उतरण्याचं ठिकाण. 'राजकीय गोटातून' असं आपण अजून म्हणतो तो हाच शब्द. आणि कंपू म्हणजे दि बॉयन्यच्या वेळेपासून शिंद्यांकडे असलेल्या कवायती पलटणींचा तळ. माझ्या मते आपलं लष्कर म्हणजे ब्रॉटननं पाहिलेली छावणीच आहे, फक्त राहुट्यांच्या जागी चुना-विटा आल्या. पत्र्याच्या पाट्यांवर लिहिलेलं हे दप्तर रोज डोळ्यांसमोर असतं, पण त्याची किल्ली मिळाली ती लंडनच्या पुस्तकात आणि शिकागोच्या कोशात. घरबसल्या मिळाली, हेही खरंच.

त्याच शिकागोच्या संग्रहात इंपीरियल गॅझेटियरचे 26 खंड आहेत. 1901 च्या खानेसुमारीत ग्वाल्हेर संस्थानाची वस्ती 29,33,001 आणि क्षेत्रफळ 25,041 चौरस मैल होतं, असे आकडे तिथं दोन मिनिटांत मिळतात. लुअर्डनं तयार केलेलं 1908 चं ग्वाल्हेर स्टेट गॅझेटियर इंटरनेट आर्काइव्हवर पाहावं. खानेसुमारीच्या अहवालांसाठी आणि सरकारी वार्षिक अहवालांसाठी साउथ एशिया ओपन आर्काइव्ह्ज हा मोफत संग्रह जेस्टोरच्या संकेतस्थळावर आहे. जेस्टोरचे बाकीचे लेख पैशाचे असले तरी साधं खातं उघडलं की महिन्याला 100 लेख पडद्यावर वाचता येतात. आपल्यासारख्या हौशी माणसाला 100 पुष्कळ झाले.

ज्यांच्या घरी कोणी सरकारी विद्यापीठात किंवा महाविद्यालयात शिकतंय-शिकवतंय त्यांना आणखी एक दार उघडं आहे. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना केंद्र सरकारनं नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर केली आणि 1 जानेवारी 2025 पासून ती सुरू झाली. 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं तिच्यात आहेत. माळव्यातल्या मराठ्यांवर स्टुअर्ट गॉर्डन ह्यांचे दोन लेख प्रत्येकानं वाचावेत असे आहेत. एक 1969 चा, ठग-पेंढारी आणि माळव्यातली राज्यबांधणी ह्यावरचा. दुसरा 1977 चा, माळवा मराठी अंमलात हळूहळू कसा आला ह्यावरचा. पहिला 'इंडियन इकॉनॉमिक अँड सोशल हिस्टरी रिव्ह्यू'मध्ये आहे, दुसरा 'मॉडर्न एशियन स्टडीज'मध्ये. इतके जुने अंक तुमच्या ग्रंथालयातून उघडतात का ते ग्रंथपालांनाच विचारा. ग्रंथपालाला विचारायला आपल्या लोकांना का संकोच वाटतो कोण जाणे. प्रबंधांसाठी शोधगंगा आहेच, ते सर्वांना खुलं आहे. प्रबंध चांगले-वाईट दोन्ही असतात, पण शेवटची संदर्भसूची नेहमी कामाची.

इथवर सगळं गोड झालं. आता जे खटकतं ते.

29 डिसेंबर 1843. एकाच दिवशी दोन लढाया झाल्या, महाराजपूरला आणि पनिहारला. जनकोजीराव वारले होते, दत्तक घेतलेले जयाजीराव लहान होते, आणि गव्हर्नर जनरल एलेनबरो स्वतः फौजेबरोबर आला होता. ग्वाल्हेरची फौज हरली. 13 जानेवारी 1844 च्या तहानं संस्थानाची फौज 9,000 वर आणून ठेवली आणि कितीतरी शिपाई घरी बसले. हे आपल्या गावाचं मोठं मरण. ह्याबद्दल संगणकावर काय मिळतं?

लंडन गॅझेटचे सगळे जुने अंक मोफत शोधता येतात. 1844 च्या अंकांत 'महाराजपूर' त्यांच्या तऱ्हेनं, शेवटी दोन ओ घालून, शोधा. सेनापती गफचा अहवाल समोर येतो. महाराजपूरला त्यांचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे 800. अधिकाऱ्यांची नावं पलटणीनिशी दिलेली. जिंकून आणलेल्या तोफांचं धातू वितळवून त्यांनी तारेच्या आकाराची पदकं केली, आणि ती कोणाला मिळाली ह्याच्या याद्या निघालेल्या आहेत. वंशावळी शोधणाऱ्या इंग्रज मंडळींनी त्यावर स्वतंत्र संकेतस्थळं चालवलीत. ब्रिटनमधला एखादा माणूस संध्याकाळी चहा पिता पिता आपला खापरपणजोबा महाराजपूरला कुठं जखमी झाला ते काढू शकतो.

आणि आपले? तोफांपाशी उभे राहून मेलेले गोलंदाज, ज्यांच्या चिवटपणाबद्दल शत्रूनंही लिहून ठेवलंय? त्या अहवालात तोफांची संख्या आहे. माणसांची नावं नाहीत. मी दोन्ही रणांगणांची नावं जेवढ्या रूपांत सुचतात तेवढ्या रूपांत टाकून पाहिली. एका बाजूला नावांचा ढीग, दुसऱ्या बाजूला नुसतं 'शत्रू'. घरात देव्हाऱ्यात टाक आहे, दर वर्षी पान वाढलं जातं, पण तो कोणत्या पलटणीत होता हे घरच्यांनाही सांगता येत नाही, अशी घरं लष्करात आहेत.

ह्यात संगणकाचा दोष नाही. रेसिडेंटनं लिहिलं, त्याच्या सरकारनं छापलं, छापलेलं आधी स्कॅन झालं, आणि यंत्राला इंग्रजी छापील अक्षर सर्वांत सोपं. चारही पायऱ्या एकाच बाजूला झुकलेल्या. त्यामुळे नुसत्या शोधखिडकीवर विसंबून जो ग्वाल्हेरचा इतिहास लिहील तो रेसिडेंटच्या खिडकीतून दिसणारा इतिहास लिहील, मग लेखक मराठी असो की आणखी कोणी. बायजाबाईंचंच पाहा. नाव टाका, आधी फॅनी पार्क्स येते. 1835 मध्ये फतेहगडजवळ पदच्युत बायजाबाईंच्या छावणीत ती गेली, मराठी पद्धतीनं घोड्यावर बसून पाहिलं, 1850 मध्ये सगळं छापलं. वर्णन रसाळ आहे, मीही आवडीनं वाचतो. पण ज्या बाईनं दौलतरावांमागं 1827 ते 1833 राज्य चालवलं, तिचा कारभार त्या पुस्तकात कसा सापडणार? त्यासाठी अमर फारुकी ह्यांचं 'सिंदियाज अँड द राज' हे 2011 चं पुस्तक मिळवून वाचावं लागतं.

मराठी बाजू नाहीच असं मात्र नाही. आनंदराव भाऊ फाळके ह्यांनी 'शिंदेशाही इतिहासाची साधने' काढली, ती कोट्याच्या गुळगुळे दप्तरावरून. गुळगुळे हे शिंद्यांचे कोट्यातले कारभारी. सरदेसायांनी संपादलेली महादजींची कागदपत्रं 1937 मध्ये इथल्याच आलिजाह दरबार प्रेसमध्ये छापली गेली. पेशवे दप्तरातले निवडक कागद 45 खंडांत आहेत. राजवाड्यांचे खंड आहेत, पहिला 1898 चा. जदुनाथ सरकारांनी संपादलेला पुणे रेसिडेन्सी पत्रव्यवहाराचा पहिला खंड सगळा महादजी आणि उत्तर हिंदुस्थान ह्यावर आहे. तो इंग्रजीत असला तरी आपल्या उपयोगाचा. ह्यांपैकी बरेच ग्रंथ पूर्वीच्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियानं स्कॅन केले होते. तो मूळ प्रकल्प बंद पडला, पण प्रती इंटरनेट आर्काइव्हवर आल्या. नॅशनल डिजिटल लायब्ररीतूनही शोधून पाहाव्यात.

अडचण अशी की ह्या प्रतींची नावं कोणीतरी घाईघाईनं रोमन लिपीत टंकलेली आहेत. 'इतिहासाची' चं 'इतिहासांची' झालंय, संपादक गायब, खंड क्रमांक गायब. 'साधने', 'दप्तर', 'खंड' असे सुटे शब्द रोमनमध्ये निरनिराळ्या तऱ्हेनं टाकून मासे धरल्यासारखे ते धरावे लागतात. सापडला की लगेच उतरवून घ्या, आणि पहिलं काम म्हणजे पानं मोजा. मधली पानं गळलेली असतात.

आत गेल्यावर पुढचा खंदक तारखांचा. पत्रावर इसवी सन नसतो. असतं ते 'सलास तिसैन मया व अलफ' असलं काही. अरबी आकडे आहेत, एकं-दहं करत उलटे वाचायचे. सलास 3, तिसैन 90, मया 100, अलफ 1000. झालं 1193. हा शुहूर सन. त्यात 599 मिळवले की त्या वर्षाची सुरुवात ज्या इसवी सनात पडते तो मिळतो, 1792. शुहूर वर्ष मृग लागताना सुरू होतं, म्हणून पुढच्या वर्षाच्या जानेवारी ते मे ह्या महिन्यांतल्या पत्राला 600 मिळवायचे. महादजी जून 1792 मध्ये पुण्याला पोचले, म्हणजे त्या वेळची पत्रं ह्याच 1193 सनात. तारखेआधी 'छ' असेल तर तो चंद्र, पुढं मुसलमानी महिना येतो. सूचीकारानं हे रूपांतर केलेलं नसेल तर '1792' टाकून शोधणाऱ्याला ते पत्र कधीच दिसणार नाही, मग ते पडद्यावर असलं काय आणि नसलं काय.

आणि हे सगळं छापलेल्या, म्हणजे कोणीतरी आधीच मोडीतून देवनागरीत आणलेल्या कागदांचं झालं. मूळ मोडीचं काय? मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती 2014 साली. टंक आहेत, यंत्राला मोडी वाचायला शिकवण्याचे प्रयोगही चालू आहेत. पण कारकुनानं लेखणी न उचलता ओढलेली ओळ आज तरी माणसालाच वाचावी लागते. राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे पोर्टल उघडून पाहा, नोंदणी मोफत आहे. परराष्ट्र खात्याच्या फायलींची सूची, ग्वाल्हेरविषयक पत्रव्यवहार, सगळं विषयवार शोधता येतं, पुष्कळ फायली पडद्यावर वाचताही येतात. कारण त्या प्रत्येक फाइलीला कोणीतरी एका ओळीचा मथळा दिलाय. यंत्र शोधतं तो मथळा. मोडी रुमालाला मथळा द्यायला मोडी वाचणारा लागतो. सगळं अडलंय ते ह्या एका ओळीपाशी. स्कॅनर तर आता कोणाच्याही खिशात असतो.

घराण्याचा माग काढणाऱ्यांसाठी एक जोड देतो. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रं फॅमिलीसर्च ह्या संकेतस्थळावर आहेत. काही घरी दिसतात, काही त्यांच्याशी जोडलेल्या ग्रंथालयातूनच. तुमचं कोणी उत्तरेत तीर्थाला गेलं असेल तर पिढ्यांची नावं तिथं निघू शकतात. महाराजपूरच्या गोलंदाजाचं नाव कुठं मिळण्याची आशा असेल तर असल्या वह्यांत, नाहीतर घरातल्या बासनात.

त्या बासनांबद्दल. आपल्या गोठींतले वाडे एकामागून एक पाडायला निघालेत. माळ्यावरचे रुमाल खाली येतात तेव्हा घरात मोडी वाचणारं कोणी नसतं, मुलं पुण्या-बंगळुरात, आणि रद्दीवाला दारात. कागदात दुकानाचा हिशेब आहे की पलटणीचा पगारपट, हे न कळताच ते जातात. वाचता येत नसलं तरी चालेल. वाडा रिकामा करण्याआधी मंडळाला कळवा. आपण येऊन उजेडात, कागद सपाट ठेवून, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढतो, दोन्ही बाजूंचे, कोऱ्या बाजूचाही, कारण पत्ता आणि शेरा पाठीवर असतो. रुमालाच्या गाठीत चिठ्ठी असेल तर ती आधी. मूळ कागद तुमच्याच घरी राहतात.

मोडी वाचणारे मंडळात सध्या चौघे आहेत, त्यांतले तिघे साठीच्या पुढचे. ते प्रत्येक कागदाला एक ओळ देतात. कोणी, कोणाला, कशाबद्दल, शुहूर सन आणि शेजारी इसवी सन. माणसाचं नाव देवनागरीत, आणि त्याखाली रोमनमध्ये इंग्रजांनी केलेली त्याची सगळी रूपं. म्हणजे उद्या कोणी 'सिंदिया' टाकलं तरी त्याच्यापुढं पाटीलबावा यायला हवेत. मोडीचा वर्ग रविवारी सकाळी असतो, जागा रिकाम्या आहेत. येताना बोरू नको, वही आणि भिंग पुरे.